संपर्क : सुनंदा

रविवार सकाळ, नोव्हेंबर २००३. गोखिवरे. पत्र्याच्या वर्कशॉपच्या वरची आपली क्लासची खोली.

हजर : मी. तुझा दादा, शटर वर करण्यापुरता; कुलूप काढून दिलं आणि ‘खाली थांबतो’ म्हणून गेला, तो अजून वर आलेला नाही. आई, जिला कोणी चल म्हटलं नव्हतं, पण मी निघाले तेव्हा ती चपला घालून जिन्यात उभी होती. आता दारापाशी स्टुलावर बसली आहे, पाय वर घेऊन. बाकी खुर्च्या.

नंदा, उद्या नवी बॅच सुरू होते आहे. तुझ्या जागी शिकवायला विरारहून एक सर येणार आहेत, भेटून आले, बरे वाटले. फळा धुतला. पंखे पुसले. यूपीएसची बॅटरी तपासली. ही कामं माझीच होती. तू शिकवायचीस आणि प्रोग्रॅम लिहायचीस, बाकीचं मी बघायचे. नणंद-भावजयीत इतकी सरळ वाटणी कशी, याचं इमारतीतल्या बायकांना फार आश्चर्य वाटायचं. बॅचच्या आदल्या दिवशी नोंदणीचा प्रोग्रॅम चालवून बघायचं काम मात्र तुझं होतं. ते आज मी केलं.

मशीन चालू केलं. प्रोग्रॅमचं नाव टाइप केलं, एंटर मारलं. आणि काळ्या पडद्यावर ओळी यायला लागल्या.

या, बसा.
या, बसा.
या, बसा.

पडदा भरला, वर सरकला, तरी येतच राहिल्या. रोमन लिपीतलं ते तुझं ‘या, बसा’. मला हे माहीत होतं. शंभरदा पाहिलंय. तरी मी मागे वळून खुर्च्यांकडे बघितलं.

बहुतेक मी ते मोठ्याने वाचलं असणार, कारण आई दारातून म्हणाली, “कोन आलं गं?”

“कोणी नाही, आई.”

“मंग बस कुनाला बोलली?”

 काय सांगणार? तूच तर मुलांना सांगायचीस की ही ओळ कोणी बोलावल्यामुळे येत नाही. कन्स्ट्रक्टरला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या नवी नोंद जन्माला घालणाऱ्या तुकड्याला, कोणी नावाने हाक मारत नाही. ऑब्जेक्ट, म्हणजे एका मुलाची नोंद, तयार व्हायचा अवकाश, तो आपणहून हजर होतो, कोणी काही म्हणण्याच्या आत आपलं काम करतो आणि जातो. मुलांना ते दिसावं म्हणून तू त्यात ही ओळ घातलीस. बॅचची जागा प्रोग्रॅममध्ये आधीच आखलेली, म्हणून जितक्या खुर्च्या तितक्या वेळा तो चालतो. अजून एकही मूल जिना चढलेलं नसतं आणि तुझं सगळ्यांना बसवून झालेलं असतं.

तू होतीस तेव्हा हे गमतीचं वाटायचं.

*

तू हे शिकवायचीस कसं, ते लिहून ठेवते, कारण विरारचे सर असं शिकवणार नाहीत.

पुस्तकात लिहिलेलं असतं की कन्स्ट्रक्टर ऑब्जेक्टला सुरुवातीच्या किमती देतो. मुलं ते पाठ करायची आणि कोरी तोंडं करून बसायची. तू पुस्तक मिटायचीस. ज्याला प्रोग्रॅमची ती भाषा क्लास म्हणते त्याला तू साचा म्हणायचीस, नाहीतर मुलांचा आपल्या क्लासशी गोंधळ व्हायचा. आणि मग विचारायचीस, “तुमच्या घरी बाळ झालं तर पहिल्यांदा त्याच्या अंगावर काय घालतात?”

कोणीतरी म्हणायचं, झबलं.

“नवं?”

मग मागून एखादी मुलगी सांगायची की नाही, नवं नाही घालत, आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळतात. मऊ असतं म्हणून.

“बरोबर. नाव कधी ठेवतात?”

“बाराव्या दिवशी.”

“मग तोवर बाळ उघडं ठेवतात का? बिननावाचं म्हणून टाकून देतात का? नाही. कोणीतरी आधीच धुऊन, घडी करून लुगड्याचा तुकडा ठेवलेला असतो. हा झाला डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर. नाव, जन्मवेळ, सगळं मागून भरता येतं. पण जन्माच्या क्षणी अंगावर काहीतरी पाहिजे.”

आणि एखादं ऑब्जेक्ट आपली माहिती घेऊनच येत असेल, तर त्याच्यासाठी दुसरा कन्स्ट्रक्टर लिहायचा, कंसात त्या गोष्टी घेणारा. तेव्हा तू माझ्याकडे बोट दाखवायचीस. “आमच्या वहिनीसारखा. ती चिपळूणहून आली तेव्हा बरोबर डब्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्यासुद्धा लिहून आणलेल्या. काही भरायचं शिल्लकच नव्हतं.”

मुलं हसायची. मी हजेरी घेत बसायचे आणि मान वर करायचे नाही. आता सांगते, मला आवडायचं ते.

आईला हे तू घरी येऊन सांगितलंस तेव्हा ती म्हणाली होती, “आमच्या गावी, चांदीपला, लुगडं बघून घेत. जिचं आयुष्य सुखाचं गेलं तिचंच. कुनाचं बी नाय चालत.” तू दुसऱ्या दिवशी ते वाक्य तुझ्या शब्दांत फळ्यावर लिहिलंस. पहिली किंमत कोणाची आहे ते बघून द्यावी.

*

आपलं भांडण त्याच्यावरून होतं, आणि ते अर्धंच राहिलं.

नोंदणीत एक रकाना होता : संपर्क. काही झालं तर कोणाला फोन करायचा. सुरुवातीला तू तो कन्स्ट्रक्टरमध्ये भरायला विसरलीस. नाव, पत्ता, बॅच सगळं रिकामं करून घेतलंस आणि हे एक राहून गेलं. तेव्हा प्रोग्रॅम लहान होता, एकेका मुलासाठी नवी जागा मागून घ्यायचा आणि मूल सोडून गेलं की जागा परत द्यायचा. एक मुलगा घरचे वापीला गेले म्हणून सोडून गेला. त्याला काढलं, आणि लगेच नवी आलेली ज्योत्स्ना भरायला घेतली.

ज्योत्स्ना आपल्याला दोघींनाही लगेच लक्षात राहिली. वसईतच, एव्हरशाईन वसाहतीत, लांबच्या नात्यातल्या कोणाकडे राहायची, त्यांची मुलं सांभाळायची आणि त्या बदल्यात शिकायची. मी विचारलं, वडील? नाहीत. आई? नाही. ज्यांच्याकडे राहतेस त्यांचं नाव लिहू? ती म्हणाली, “नको, त्यांना फोन केलेला आवडणार नाही.” म्हणून मी संपर्काला काही न लिहिता पुढे गेले आणि पडदा तिच्याकडे वळवला, नाव बरोबर आहे का बघ म्हणून.

संपर्क : रघुनाथ.

मी कोणी रघुनाथ टाइप केला नव्हता. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. तू उठून आलीस, बघितलंस आणि हसलीस. वापीला गेलेल्या मुलाचा काका. “जागा तीच आहे, वहिनी. आधीचा गेला की मशीन जागा मोकळी करतं, पुसत नाही. नवा येतो तो त्याच जागेवर बसतो. त्याला आपण काही दिलं नाही तर आधीच्याचं वर दिसतं. भूत नाही, माझी चूक आहे. एक ओळ राहिली.”

मी म्हणाले, मग खोड ते.

ज्योत्स्ना पडद्याकडे बघत होती. म्हणाली, “मॅडम, राहू द्या ना.”

“अगं, हा तुझा कोणी नाही.”

“माहितीय. पण रिकामं नाही ना दिसत.”

तू कीबोर्ड स्वतःकडे ओढलास. मग तो रघुनाथ खोडलास, आणि तिथे स्वतःचं नाव घातलंस, खाली घरचा फोन. आणि त्याच दुपारी कन्स्ट्रक्टर उघडून सगळ्यांसाठीच तसं केलंस. कोणी संपर्क सांगितलाच तर तो वरून भरला जाईल. नाही सांगितला तर सुनंदा. आपल्या क्लासच्या प्रत्येक ओळखपत्रावर ते छापून जायला लागलं.

मला ते पटलं नव्हतं. मी म्हणाले होते, ज्याचं कोणी नाही त्याच्यापुढे ‘नाही’ लिहावं. व्यवहार स्वच्छ राहतो.

“‘नाही’ हे पण कोणीतरी भरावंच लागतं, वहिनी. कोरी जागा म्हणून काही नसतं. आपण नाही घातलं तर रघुनाथ येतो.”

“पण जिवंत माणसाचं नाव असं कायमचं नको घालूस. माणसं गाव बदलतात, नंबर बदलतात.”

“बदलेल तेव्हा बदलू. एका ओळीचं तर काम आहे.”

“आणि जे आधी होऊन गेलेत त्यांचं?”

तेवढ्यात लाइट गेले. यूपीएस ओरडायला लागला, तू मुलांना ‘सेव्ह करा, सेव्ह करा’ म्हणत धावलीस, आणि ते तसंच राहिलं. नंतर कितीदा तरी विचारायचं मनात आलं. तू काय उत्तर दिलं असतंस ते मला माहीत नाही. मला वाटतं, तुला उत्तर द्यावंसं वाटलं नव्हतं.

*

आता तुला न सांगितलेली गोष्ट.

तू गेल्यानंतर घरात फोन वाजला की आम्ही सगळे एकमेकांकडे बघतो. भेटायला येणाऱ्यांचे फोन असतात, मी घेते. त्या दुपारी मी गॅलरीत तुझे कपडे वाळत घालत होते. आईने आत फोन घेतला. तिला हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्याने बोलते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

“हां. सुनंदाचंच घर. हाय ना. हाय, हाय. पाठवते.”

मी बाहेरच उभी राहिले. हातात तुझी निळी सुती साडी होती, तिचं पाणी पायावर पडत होतं.

आई गॅलरीच्या दारात आली. अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, “नंदाला बोलवलंय. कुनी पोर चक्कर येऊन पडलीय, इस्टेटच्या दवाखान्यात हाय. जा.”

“आई, नंदा…”

“ठाव हाय मला,” आई म्हणाली. “मीच पानी पाजलं तिला शेवटचं. मला सांगतेस? पोर वाट बघतेय. जा.”

मी ओला हात माझ्या साडीला पुसला आणि गेले.

दवाखाना इथलाच, इंडस्ट्रियल इस्टेटच्या तोंडाशी. ज्योत्स्नाच होती. क्लास संपल्यावर तिला एका गाळ्यात बिलं टाइप करायचं काम लागलं होतं, हे तुला माहीत होतं, मला नव्हतं. त्या दिवशी सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं, ताप होता, टेबलावरच पडली. गाळ्यातल्या माणसांनी पर्स उघडली तर आपलं जुनं ओळखपत्र मिळालं. तिने ते इतके दिवस जवळ ठेवलं होतं. कोपरे मऊ पडले होते.

डॉक्टरीणबाईंनी कार्ड माझ्यासमोर धरलं. “सुनंदा तुम्हीच ना?”

मधला कापडी पडदा पातळ होता. पलीकडे ती पडली होती आणि जागी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी ‘नाही’ म्हणाले असते तर पुढचा प्रश्न होता, मग त्या कुठे आहेत. आणि त्याचं उत्तर त्या पोरीने पडद्यामागून ऐकलं असतं.

“हो,” मी म्हणाले.

तुझं नाव मी स्वतःसाठी घेतलं, आणि काही झालं नाही. छत पडलं नाही. बाईंनी मान हलवली, औषधं सांगितली, मी ती लक्षपूर्वक ऐकली. फक्त माझा आवाज मला ओळखू आला नाही. तू ज्या घाईत ‘हो’ म्हणायचीस, पुढचं वाक्य आधीच सुरू केल्यासारखं, तसाच तो आला होता.

पडद्याआड गेले. तिचे डोळे मिटलेले होते. मी शेजारी बसल्यावर तिने न बघताच माझं मनगट धरलं.

“मॅडम, तुम्ही याल हे माहीत होतं.”

मी हात तसाच ठेवला. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले. “वहिनी, तुम्ही? मॅडम कुठायत?”

“तिनेच पाठवलंय.”

“रागावल्यात का? एवढ्यात भेटायला आले नाही म्हणून?”

“नाही गं.”

“नव्या बॅचला येते म्हणावं. सोमवारीच ना? त्यांचा तो वाईट चहा प्यायला.”

ती हसली. मी पण हसले. तुझा चहा खरंच वाईट असायचा, नंदा. पाणी उकळायच्या आधी पत्ती.

सलाईन उतरेपर्यंत मी बसले. तिला एव्हरशाईनला सोडलं, दार उघडणाऱ्या बाईंना औषधं समजावून दिली आणि दोन वेळा जेवायला घालायचं तोंडावर सांगितलं. त्यांनी विचारलं, तुम्ही कोण? मी म्हणाले, संपर्क.

घरी आले तर आईने तुझी निळी साडी वाळवून, फाडून, चौकोनी घड्या करून ठेवल्या होत्या. खालच्या मजल्यावरच्या सुनेचे दिवस भरत आलेत. मी म्हणाले, “आई, नंदाची? तुम्हीच म्हणायच्या ना, सुखाच्या माणसाचंच लुगडं घ्यावं.”

आई घड्यांवरून हात फिरवत राहिली. “मंग?” म्हणाली. “कोन सांगतं ती सुखाची नव्हती?”

  त्या रात्री, तू गेल्यापासून पहिल्यांदा, मला झोप लागली.

*

तर आज.

कन्स्ट्रक्टरची फाइल उघडली. तू मला पहिल्या बॅचमध्ये मागे बसवून शिकवलंस ते वाया गेलेलं नाही, ओळ सापडली. तुझं नाव खोडलं, माझं लिहिलं. कंपाइल करायला, म्हणजे तपासून घ्यायला, दिलं तर मशीनने चूक दाखवली. मी अर्धविराम द्यायला विसरले होते. दर वेळी विसरायचे, आणि दर वेळी तू मागून, न बघता, ‘शेवटी काय राहिलं, वहिनी?’ म्हणायचीस. मी थांबले. खरंच थांबले, तू म्हणशील म्हणून. खाली वर्कशॉप बंद होतं, रविवार. पंखा फिरत होता. मग मी अर्धविराम दिला.

पुन्हा चालवलं. या, बसा. या, बसा. ती ओळ मी काढलेली नाही, काढणार नाही. खुर्च्या भरून झाल्यावर एकेक नोंद उघडून बघितली. नाव कोरं, पत्ता कोरा. संपर्क : माझं नाव. पुढची खुर्ची, माझं नाव. तिच्या पुढची. मी अजून इथे बसलेली असताना त्या सगळ्या रिकाम्या जागांत मी आधीच होते.  तुला हे कधी वाटलं नाही का? की तू दर बॅचच्या आदल्या दिवशी हेच बघत बसायचीस, एकटी, आणि मला बोलली नाहीस?

मग जुन्यांची फाइल उघडली. तिथे काहीच बदललेलं नाही.

हेच मी तुला विचारलं होतं. कन्स्ट्रक्टर एकदाच चालतो, जन्माच्या वेळी. तो आज बदलला तर उद्याचे बदलतील. जे होऊन गेले त्यांच्यात पहिल्यांदा जे भरलं ते तसंच राहतं, जोवर कोणी जाऊन हाताने बदलत नाही. ज्यांना ज्यांना कोणी नाही म्हणून तू आपलं नाव दिलंस, ते आज वसईत, नालासोपाऱ्यात, कुठे कुठे पांगलेत, आणि त्यांच्या पाकिटात, पर्समध्ये तू आहेस. कुणाला चक्कर आली, कुणी पायऱ्यांवरून घसरलं, की आपल्या घरी फोन वाजणार. आई उचलणार आणि म्हणणार, हाय ना.

म्हणून फोन नंबर तसाच ठेवायचं मी ठरवलं आहे. तुझ्या दादाला विचारलं, तो हो म्हणाला. मशीनमधल्या जुन्या नोंदी मी आज दुपारपर्यंत बदलून टाकीन, ते बोटांचं काम आहे. कार्डं मात्र त्यांच्याकडे आहेत. एकेकाला गाठून नवं कार्ड द्यावं लागेल, आणि का बदललं ते सांगावं लागेल. नव्यावरही माझंच नाव घालायचं मी ठरवलंय. तुझ्याशी अर्धा राहिलेला तो वाद मला आता असा पुरा करावा लागेल.

नवं कार्ड छापून झालं आहे, पहिलं. ज्योत्स्नाचं. अजून गरम आहे, प्रिंटरमधून आत्ताच निघालं. टेबलावर उपडं ठेवलं आहे.

आई विचारते आहे, झालं का सगळं.

फळा, झाला. पंखे, झाले. बॅटरी, झाली. ओळ, बदलली. चहाची पत्ती आणायची होती, ती आणली आहे, तुझीच, ती स्वस्तातली.

उद्या ती येईल, जिना चढून, तुला शोधत. ज्योत्स्नाला सांगणं : बाकी.